दोन ताटं, एक किनारा: मालवण ते मडगाव

मालवणात जेवायला बसलेलं जोडपं हमखास दोन सुरमई थाळ्या मागवतं. सुरमई नावाजलेली आहे, तिला काटे कमी असतात, आणि शहरातून आलेल्या माणसाला तिची भीती वाटत नाही. पण दोघांनी एकच ताट दोनदा मागवलं की दोघं असण्याचा जेवणाला काही उपयोग होत नाही. एकट्या माणसाला एका बैठकीत एकच मासा नीट खाता येतो. सहा-सातजण असले की टेबलावर सगळं येतं, पण निम्मं गार होऊन जातं. दोघांना मात्र दोन वेगळे मासे, मध्ये एक वाटी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि दोन सोलकढ्या, एवढं सगळं गरम आहे तोवर संपवता येतं. म्हणून किनाऱ्यावरच्या जेवणाला दोन हाच बरोबर आकडा, असं माझं ठाम मत आहे.

ताटं वाटून घेण्याची सोपी रीत आहे. एकात घट्ट, मोठ्या तुकडीचा मासा घ्यावा: सुरमई, पापलेट, सरंगा, जे त्या दिवशी आलं असेल ते. दुसऱ्यात लहान, तेलकट मासा घ्यावा: बांगडा, तारली, पेडवे. पहिला तळलेला मागवावा, दुसरा कालवणात किंवा तिखल्यात, म्हणजे तिखट, घट्टसर रश्शात. सुरमईची तुकडी कालवणात जरा जास्त वेळ राहिली की कोरडी पडते. तव्यावर बोटभर जाडीची तुकडी मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं परतली, तर आतला ओलावा टिकतो. बांगड्याचं उलट. त्याच्या अंगचं तेल कालवणात उतरतं आणि नारळाच्या वाटणाला जी चव देतं ती सुरमईच्या कालवणाला कधी येत नाही. तळलेल्या माशावर रव्याचा थर जाड आणि गडद असेल तर आतला मासा कालचा असू शकतो. ताज्या माशाला कोणी एवढं पांघरूण घालत नाही.

बांगड्याच्या कालवणात तिरफळं, म्हणजे मसाला म्हणून वापरायची वाळलेली छोटी फळं असतात, आणि पहिल्यांदा खाणारा इथेच अडखळतो. तिरफळ चावायचं नसतं. वाळलेलं फळ उकललेलं असतं. आतली काळी, कचकचीत बी काढून फेकतात आणि फक्त साल वापरतात. चार बांगड्यांच्या कालवणाला आठ-दहा तिरफळं पुरतात. ती जरा ठेचून, कालवण उकळायला लागलं की टाकायची. वाटणात घालून मिक्सरमध्ये फिरवली की सगळं कालवण कडवट होतं. शहरात घरी केलेलं कालवण फसतं ते बहुतेक याच कारणाने, आणि दोष बिचाऱ्या बांगड्याला जातो. तिरफळाने जिभेच्या टोकाला बारीक झिणझिण्या येतात आणि पाच-दहा मिनिटांत जातात. तिरफळाची जात तेलकट माशांशी जमते. पापलेटाच्या कालवणात ती घातलेली दिसली तर स्वयंपाकघरात कोकणातलं माणूस नाही असं खुशाल समजावं.

झिणझिण्यांबद्दल एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवायला हवी. बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) हे मासे पकडल्यावर बर्फाशिवाय उन्हात राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून किंवा तळून नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते. तिरफळाची झिणझिणी फक्त तोंडात असते. बाकी अंगाला काही होत असेल तर ताट बाजूला सारून डॉक्टरकडे जावं. दोघांनी दोन वेगळे मासे खाण्याचा इथे असाही फायदा आहे की निदान एकजण ठणठणीत राहण्याची शक्यता वाढते. लिलावात किंवा बाजारात मासा बघायला मिळाला तर डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक, पोट घट्ट आणि बोटाने दाबल्यावर लगेच वर येणारं, एवढं बघितलं तरी पुरे. पोटाशी मऊ पडलेला बांगडा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

खानावळीत शिरल्यावर मेनू कार्ड मागण्याआधी मावशींना किंवा काकांना विचारावं, ‘आज काय गावला?’ कार्डावर बाराही महिने सगळे मासे असतात, समुद्रात नसतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. या दिवसांत मिळणारी सुरमई बहुतेक वेळा बर्फातली, म्हणजे महिन्याभरापूर्वीचीही असू शकते. तिचे पैसे देण्यात अर्थ नाही. जून-जुलैत कोकणात जाऊ नये असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. तेव्हा खारवलेला बांगडा निखाऱ्यावर भाजलेला, सुक्या जवळ्याची चटणी, पेज, टाकळ्याची भाजी, आणि पहिल्या पावसात ओढ्यांतून शेतात चढणारे चढणीचे मासे ही त्या महिन्यांची खरी थाळी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या पुन्हा बाहेर पडतात, पण श्रावण संपून गणपती उरकेपर्यंत अनेक घरगुती खानावळी बंदच असतात, कारण चालवणारं कुटुंब स्वतः सणात असतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ मासे आणि हवा दोन्हींसाठी सर्वांत चांगला. सोमवारी बरीच घरं मासे खात नाहीत, त्यामुळे घरगुती जेवणाची सोय केली असेल तर आदल्या दिवशी विचारून ठेवावं.

तिसऱ्या, कालवं आणि मुळे या शिंपल्यांचं घड्याळ वेगळं. त्या ओहोटीला खाडीत आणि खडकांवर गोळा करतात, म्हणून त्यांची वेळ तिथीवर चालते. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी, नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून पुन्हा एकने मोजायचं. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे पोहायला किंवा बोटीने जायला यावर विसंबू नये. पण सकाळी ओहोटी असलेल्या दिवशी दुपारच्या ताटात तिसऱ्या ताज्या असण्याची शक्यता जास्त, एवढं यावरून नक्की कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त ओसरतं आणि गोळा करायला जागा जास्त मिळते. घरगुती राहण्याच्या ठिकाणी स्वतः आणून करायच्या असतील तर तिसऱ्या मिठाच्या पाण्यात तास-दोन तास ठेवाव्यात, म्हणजे पोटातली वाळू बाहेर टाकतात. हे टाळलं की पहिल्याच घासाला दाताखाली कचकच येते आणि मग कितीही चांगला मसाला असला तरी जेवण बिघडतं. तोंड उघडं असलेली आणि टिचकी मारल्यावर न मिटणारी तिसरी फेकून द्यावी. मुसळधार पावसात खाडीचं पाणी लाल असताना शिंपल्यांच्या वाट्याला जाऊच नये.

रात्रीसाठी कोंबडी-वडे, पण त्याला सकाळी फोन करावा लागतो. गावठी कोंबडी शिजायला ब्रॉयलरच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेते, आणि अर्ध्या तासात समोर आली तर ती गावठी नव्हती. वड्याच्या पिठात तांदूळ मुख्य, त्याच्या जोडीला उडीद आणि हरभऱ्याची डाळ, थोडे गहू किंवा ज्वारी, आणि मेथी-धणे-बडीशेप भाजून दळलेली. वडा तळल्यापासून दहा मिनिटांत मऊ पडून चिवट होतो. म्हणून दोघांनी आठ वडे एकदम मागवू नयेत. चार-चार करून मागवावेत, आणि चांगली खानावळ ते आनंदाने करते.

सोलकढीवर थोडं थांबायला हवं, कारण बाहेर मिळणाऱ्या सोलकढ्यांमध्ये निम्म्या तरी नारळाच्या पावडरीच्या असतात आणि त्यांना गुलाबी रंग बाटलीतून येतो. खऱ्या सोलकढीचा रंग फिकट, किंचित जांभळट गुलाबी असतो. दोघांना पोटभर पुरेल एवढी करायला एक मध्यम नारळ, दहा-बारा आमसुलं, लसणीच्या दोन-तीन पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ आणि कोथिंबीर लागते. आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चांगली कुस्करायची. खोबरं, लसूण आणि मिरची एक वाटी कोमट पाणी घालून वाटायची आणि फडक्यातून पिळून जाड रस काढायचा. तोच चोथा अर्ध्या वाटी पाण्यात पुन्हा वाटून दुसरा रस घ्यायचा. दोन्ही रसांत आमसुलाचं पाणी थोडं थोडं करून घालायचं, प्रत्येक वेळी चाखून, कारण आमसुलं किती आंबट निघतील ते त्या वर्षीच्या कोकमांवर ठरतं. सगळं पाणी एकदम ओतलं की परतीचा रस्ता नसतो.

यात तीन ठिकाणी गडबड होते. पाणी कोमटाऐवजी कढत असेल तर नारळाचं तेल सुटतं आणि ओठांना चिकट लागतं. सोलकढी गॅसवर ठेवली की आंबटपणामुळे फाटते. ती गरम करायची गोष्टच नाही. आणि फ्रीजमध्ये रात्रभर ठेवली की स्निग्धांश वर गोठून गुठळ्या होतात, मग कितीही ढवळा, पहिल्यासारखी होत नाही. केल्यावर दोन-तीन तासांत संपवावी. थोडा वेळ ठेवल्यावर वर दाट आणि खाली पातळ असे थर झाले तर घाबरू नये, उलट ते पावडर नसल्याचं चिन्ह आहे, ढवळून प्यावी. अर्धी सोलकढी जेवताना भातावर आणि अर्धी शेवटी पेल्यातून, ही वाटणी मला सर्वांत योग्य वाटते. सुरुवातीलाच पेला रिकामा करणाऱ्याला तिखट कालवणानंतर पाण्यावर भागवावं लागतं, आणि पाण्याने तिखट शमत नाही. मिरचीचा तिखटपणा स्निग्ध पदार्थात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही, म्हणून नारळाचा रस तिथे काम करतो.

जोडीतलं एकजण मासे खात नसेल तर कोकणात त्याचे हाल होतात असा समज आहे. पनीर मागवलं तर नक्कीच होतात. मागायचं असतं ते काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूंची उसळ. ओला काजू बोंडापासून काढून, चिकासकट साल सोलून हातात यायला फार कष्ट पडतात. त्या चिकाने बोटांची कातडी सोलते. म्हणून ही उसळ स्वस्त नसते आणि तिने स्वस्त असूही नये. उन्हाळ्यात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, पावसाळ्यात फोडशी आणि अळू. गोव्यात गेल्यावर खतखतं: पाच-सात भाज्या, तूरडाळ, नारळ आणि पुन्हा तेच तिरफळ. शाकाहारी जेवणाऱ्याला तिरफळाची गंमत इथे मिळते. मासे खाणाऱ्याने आपल्या बांगड्याबरोबर खतखत्याची एक वाटी मागवावी, म्हणजे एकच तिरफळ दोन ताटांत किती वेगळं वागतं ते दोघांना एकमेकांशी बोलत ताडून बघता येतं. अशा बोलण्यात जेवण लांबतं, आणि सुट्टीत जेवण लांबण्यासारखं सुख नाही.

नाश्त्याचं आदल्या रात्री सांगून ठेवावं लागतं, तरच ब्रेड-बटर टळतं. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं. घावण्याला आंबवणं नको, पण तांदळाचं पीठ ताकासारखं पातळ हवं आणि बिडाचा तवा चांगला तापलेला. तवा थंड असेल तर जाळी पडत नाही आणि घावणा चिकटतो. सर्वांत जास्त मेहनत शिरवाळ्यांना. तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवून गरम असतानाच साच्यातून दाबायचे. गोळा निवला की साचा दाबता दाबत नाही आणि शेवया तुटतात. एकाने गोळे काढून द्यायचे, दुसऱ्याने दाबायचं, अशी ती करायची पद्धत. वर गूळ आणि वेलची घातलेला नारळाचा रस. ज्या घरात राहता तिथल्या काकींना उत्साह असेल तर साचा दाबायला हात लावू द्या म्हणावं. त्या नाही म्हणत नाहीत, आणि खांदे दुखल्यावर ताटलीतल्या शिरवाळ्यांची किंमत कळते.

सीमेवरचं बांदा ओलांडून गोव्यात उतरलं की पाव बदलतो. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी आणि संध्याकाळी सायकलवर भोंगा वाजवत येतो. त्याच्या टोपलीतली पोयी घ्यावी: वर कोंडा भुरभुरलेली, आत पोकळ, गव्हाच्या पिठाची. तिचं आयुष्य फार थोडं. भट्टीतून आल्यावर तास-दोन तास ती मऊ असते, संध्याकाळपर्यंत चामट होते, म्हणून दोघांना दोन किंवा तीनच घ्याव्यात. तिच्याबरोबर सकाळी ‘काल्ची कोडी’ मागावी. रात्रीचं माशाचं कालवण, मासे संपल्यावर उरलेलं, सकाळी मंद आचेवर आटवून घट्ट केलेलं. हॉटेलात ते मेनूवर सहसा नसतं, पण घरगुती ठिकाणी रात्रीच सांगितलं तर राखून ठेवतात. संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट: ऑम्लेटवर कोंबडीच्या शागोतीचा (नारळ-मसाल्याच्या कालवणाचा) रस, कांदा, लिंबू आणि पाव. दोघांत एक प्लेट घेऊन वर जास्तीचा रस मागावा. रात्रीचं जेवण पुढे असतं.

आता पेयांचं. काजूची बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेली वेचतात. ती तुडवून, दाबून काढलेला रस दोन-तीन दिवस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण १५ टक्के मद्यार्काचा. हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेणी वर्षभर मिळते, हुर्राक मात्र मार्च ते मे एवढाच, आणि तोही ताजा असतानाच प्यायचा. डिसेंबरात कोणी ताजा हुर्राक म्हणून पुढे केला तर हात जोडावेत. उंच पेल्यात ६० मिली हुर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूट मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर थंडगार लिंबू-सोडा, असा तो घेतात. मिरची चिरावी, ठेचू नये. ठेचली की तिसऱ्या घोटाला फक्त तिखट उरतं. हुर्राक फार सहज उतरतो आणि त्यातच धोका आहे. मेच्या दुपारी, घामाने अंगातलं पाणी गेलेलं असताना, दोन पेल्यांनंतर उठताना कळतं. प्रत्येक पेल्यामागे एक पेला पाणी, आणि सोबत काहीतरी खारट-स्निग्ध, तळलेला मुडदुशी मासा किंवा सुंगटांचं किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची नारळ घातलेली कोशिंबीर.

फेणीचा वास पहिल्या वेळी अंगावर येतो. बऱ्याचजणांना ती आवडत नाही कारण त्यांनी ती कोमट आणि गोड कोलात घेतलेली असते. पेल्यात ३० मिली, भरपूर बर्फ, साधा सोडा आणि लिंबाची फोड, एवढ्यावर पहिली ओळख करून घ्यावी. माडाची फेणी वासाला काजूच्या फेणीपेक्षा सौम्य असते. दोघांनी एकेक मागवून अदलाबदल करावी. आणि भाड्याची स्कूटर घेतली असेल तर त्या दिवशी कोण पिणार नाही ते सकाळीच ठरवावं, दुपारी टेबलावर बसल्यावर नव्हे. न पिणाऱ्यासाठी कोकम सोडा किंवा शहाळं असतंच. दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी.

परतताना सामान भरायचं तर बाटलीचा मोह टाळावा. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं कायद्याने गुन्हा आहे आणि सीमेवरच्या नाक्यांवर गाड्या तपासतात. त्याऐवजी कोकमाचं आगळ (खारवलेला घट्ट रस), आमसुलं, तिरफळं आणि मालवणी मसाला घ्यावा. आमसुलं दाबून बघावीत: मऊ, काळपट लाल आणि एकमेकांना चिकटणारी चांगली, कडक आणि करडी झालेली जुनी. तिरफळं १०० ग्रॅम घेतली तरी दोघांच्या घराला वर्षभर पुरतात, फक्त हवाबंद काचेच्या बाटलीत ठेवावीत, नाहीतर चार महिन्यांत वास उडतो आणि शेजारच्या डब्यातल्या चहापत्तीला लागतो. मालवणी मसाला अर्धा किलोच घ्यावा आणि पावसाळ्यात हिंगाचा खडा घालून ठेवावा. आगळ घेताना बाटलीवर साखर लिहिली आहे का ते बघावं. साखर असेल तर ते कोकम सरबत आहे, सोलकढीला चालत नाही. आगळात मीठ आधीच असतं, म्हणून घरी सोलकढी करताना वाटीभर नारळाच्या रसाला दोन चमचे आगळ घालून चाखावं आणि मीठ लागलंच तर सगळ्यात शेवटी घालावं.